उसाच्या बिलाचे घर आणि शेतातली माती



ऊस विकास खात्याच्या माणसाने लागण, खत, पाणी आणि खोडवा सोडून घरबांधणीवर लिहावे, हे काही जणांना चमत्कारिक वाटेल. पण गटातून फिरताना जे रोज नजरेस पडते ते असे की, उसाचे बिल हाती आले की पहिला विचार घराचा होतो. जुने कौलारू पाडून स्लॅबचे घर, मुलासाठी वरचा मजला, नाही तर गोठा आणि बाथरूम. त्यात वाईट काही नाही. मात्र हे घर उभे राहताना आपली माती कोठे जाते, मजुरीचा पैसा कोठे जातो आणि गावातल्या पोरांच्या हाताला त्यातून काय लागते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो या लेखात मांडायचा आहे. सुरुवात मातीपासून करतो, कारण ते माझे रोजचे काम आहे.

भाजलेली एक वीट साधारण तीन किलो भरते. मध्यम आकाराच्या घराला वीस हजार विटा लागतात असे धरू. म्हणजे साठ टन झाले. आता शेताकडे या. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावरची एक फूट माती काढली तर १०८९ घनफूट, म्हणजे जवळजवळ अकरा ब्रास माती निघते. वजनात ती चाळीस टनांच्या आसपास भरते. तेव्हा एका घराच्या विटांसाठी दीड गुंठा जमिनीची फूटभर माती जाते. सबंध एकराची फूटभर माती दिली तर पंचवीस-सव्वीस घरांच्या विटा होतील आणि ते शेत पुढे किती तरी वर्षे नावालाच शेत राहील.

“माती काय, खाली आहेच की” असे आपण सहज म्हणतो. खाली आहे, पण ती वेगळी माती आहे. सेंद्रिय कर्ब, जिवाणू आणि पिकाला चटकन मिळणारे अन्न हे सारे वरच्या फूटभरात असते, आणि उसाच्या मुळांचा मोठा जारवाही तेथेच असतो. त्याखाली आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चुनखडीची माती लागते. ती वर आली की ऊस लोह घेऊ शकत नाही. पाने पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यालाच आपण केवडा पडला म्हणतो. मग फेरस सल्फेटच्या फवारण्या सुरू होतात, आणि त्या वरवरच्या ठरतात. दुसरा त्रास पाण्याचा. शेजारच्या रानापेक्षा आपले रान फूट-दोन फूट खाली गेले की शेजाऱ्याचे पाटाचे पाणी, त्याच्या खतातले क्षार आणि पावसाचा निचरा सगळे आपल्याकडे येते. कृष्णा-वारणेच्या काठाला क्षारपड जमिनीचा प्रश्न आधीच गंभीर आहे. त्यात आपल्याच हाताने खड्डा करून पाणी बोलावणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय.

गंमत पाहा. धरण-तलावातला गाळ काढून तो शेतात टाकावा म्हणून शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. शेतकरी ट्रॅक्टर लावून मैलोगणती लांबून गाळ आणतात. इकडे नदीकाठचा आपला सभासद, ज्याच्या रानात नदीने फुकट पोयटा आणून घातला आहे, तो ब्रासच्या भावाने तीच माती भट्टीला देतो. आपल्या गावात ब्रासला काय भाव मिळतो ते प्रत्येकाने बघावे, त्याला अकराने गुणावे म्हणजे गुंठ्याचे पैसे निघतील. मग त्या गुंठ्यातून निघणारा ऊस दहा वर्षांचा धरावा. हिशेब कागदावर मांडला की मला जास्त बोलावे लागत नाही.

काही वेळा माती काढणे खरोखर गरजेचे असते. रानात उंचवटा आहे, पाटाचे पाणी चढत नाही, सपाटीकरण केल्याशिवाय इलाज नाही. अशा वेळी वरची फूटभर माती आधी बाजूला ओढून तिचा ढीग करावा. खालची माती हवी तेवढी द्यावी आणि बाजूची माती पुन्हा वर पसरावी. जेसीबीचे दोन-चार तास जास्त लागतील, पण रान वाचेल. शिवाय विटांची माती हे गौण खनिज आहे. तहसील कार्यालयाच्या परवान्याशिवाय उत्खनन केल्यास दंड होतो, आणि भट्टीवाला निघून गेला तरी सातबारा आपल्याच नावावर असतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांनी माती देऊन टाकली आहे त्यांनी ताग किंवा धैंचा दोन-तीन हंगाम गाडावा, कुजलेले प्रेसमड व शेणखत हात आखडता न घेता टाकावे, आणि उसाआधी माती परीक्षण करून घ्यावे.

मग घर कशाचे बांधायचे?

वीट नको असे माझे म्हणणे नाही. पण शेतातल्या मातीच्या विटेला पर्याय आज गावोगावी मिळतात. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांतून राख निघते, तिचे ढीग पडतात. त्या राखेचा विटांसाठी उपयोग व्हावा म्हणून केंद्र शासनाने १९९९ सालीच अधिसूचना काढली होती. राख, चुना किंवा सिमेंट आणि कच यांची यंत्रावर दाबलेली वीट भट्टीत भाजावी लागत नाही, म्हणजे जळणही वाचते. सिमेंटचे भरीव व पोकळ ब्लॉकही आहेत. ते तर तालुक्यातच तयार होतात आणि क्रशरची कच त्यात खपते.

काही जण विचारतात की, आपल्या कारखान्याच्या बॉयलरची राख या विटांना चालेल काय? बगॅसची राख आणि कोळशाची राख एक नव्हे. आपल्या राखेत न जळालेला भुसा बराच असतो आणि तो वारंवार कमी-जास्त होतो. प्रयोगशाळेत तपासून, चाळून, प्रमाण ठरवून ती काही अंशी वापरता येते. पण कोणी ट्रॉलीभर राख नेऊन अंदाजाने सिमेंटमध्ये मिसळू नये. माझे वैयक्तिक मत विचाराल तर या राखेत पालाश आहे, सिलिका आहे, आणि प्रेसमडबरोबर कुजवून ती रानात परत जावी हेच बरे. उसाने जे रानातून घेतले ते रानाला मिळाले पाहिजे.

वीट कोणतीही असो, घेताना घरच्या घरी एक परीक्षा करावी. कोरडी वीट वजन करावी, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, पुसून पुन्हा वजन करावे. वजन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढले, म्हणजे तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमहून अधिक पाणी प्याले, तर तो माल परत पाठवावा. कोणताही इंजिनिअर लागत नाही, गुळाचा काटा पुरतो.

गुळावरून आठवले. आपल्या भागातले जुने वाडे चुन्यात बांधलेले आहेत. बैलाच्या घाणीवर चुना मळताना त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालीत. त्या भिंतींवर आज पहार चालत नाही. म्हणजे उसाचा आणि बांधकामाचा संबंध काही मी आज जोडलेला नाही. पण ते करणारे गवंडी गेले आणि त्यांच्याबरोबर तो हातही गेला. येथून मी मुख्य मुद्द्यावर येतो.

हात कोणाचा?

घराच्या खर्चात, ढोबळ मानाने, चौथा ते तिसरा हिस्सा मजुरीचा असतो. सिमेंट आणि सळई बाहेरूनच येणार, त्याला इलाज नाही. मजुरीचा पैसा मात्र गावात राहू शकतो. तो राहतो का? सेंट्रिंगवाला बाहेरचा, फरशीवाला बाहेरचा, प्लास्टर आणि रंगवाले बाहेरचे. कोणी कर्नाटकातून आला आहे, कोणी राजस्थानातून, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून. या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. पोटासाठी हजार मैल आलेला माणूस मान खाली घालून काम करतो, आणि आपली ऊसतोडणी तरी कोणाच्या जीवावर चालते? बीड-नगरकडच्या टोळ्या आल्या नाहीत तर आपला हंगाम उभा राहत नाही. प्रश्न एवढाच आहे की, आपल्या गावातला बारावी झालेला मुलगा मोटारसायकलवर बसून ते काम बघत उभा असतो. “काम मिळत नाही” ही त्याची तक्रार आणि “गवंडी मिळत नाही” ही त्याच्या बापाची तक्रार, दोन्ही एकाच ओट्यावर बसून मी ऐकतो.

याचे एक कारण असे की, बिगारी आणि गवंडी यांच्यामधली वाट कोणी दाखवीत नाही. पूर्वी मुलगा बापाच्या किंवा मामाच्या हाताखाली पाच वर्षे घमेली उचलत उचलत थापी धरायला शिकायचा. ओळंबा सोडणे, गुण्याने कोपरा काढणे, लेव्हलच्या नळीने जोत्याची पातळी घेणे, हे सगळे डोळ्यांनी शिकणे होते. आता ठेकेदाराला काम लवकर उरकायचे असते, शिकवायला वेळ नाही. मुलाला पाच वर्षे घमेले उचलण्याची तयारी नाही. आणि खरे सांगायचे तर लग्नाच्या बाजारात गवंड्याला भाव नाही, म्हणून घरची माणसेही पाठवीत नाहीत. चांगल्या गवंड्याचा रोज मात्र कारखान्यातल्या कित्येक हंगामी कामगारांपेक्षा जास्त पडतो.

सोय नाही असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण इलेक्ट्रिशियन आणि फिटरसाठी रांग लागते, या विषयाकडे कोणी फिरकत नाही, आणि मागणी नाही म्हणून तो सगळ्या संस्थांत चालतही नाही. दुसरी सोय ग्रामीण घरकुल योजनेतली. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात सुरू झाली तेव्हा तीत ग्रामीण गवंडी प्रशिक्षणही घातले गेले. पंचेचाळीस दिवसांचे शिक्षण, तेही वर्गात नव्हे तर प्रत्यक्ष घरकुल बांधताना, आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र, अशी त्याची रचना. ज्याचे घर त्याचे काम होते आणि शिकणाऱ्याचा हात बसतो. शिक्षणाची ही पद्धत मला पटते. ऊस लागणीचे प्रात्यक्षिकही सभागृहात होत नाही, सरीत उतरावे लागते.

शिकलेल्या हाताने काय फरक पडतो याची साक्ष महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन घेतली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता. माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फुटी दगडी भिंती, आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना न बांधलेल्या, आणि वर धाब्याच्या मातीचा मोठा भार. हादरा बसला तशी भिंत मधून फुटली आणि माळवद खाली आले. पुढे सर्वांत जास्त पडझड झालेली गावे नव्या जागी वसवली. पण त्याखेरीज फार मोठ्या संख्येने जुनी घरे होती त्या जागीच दुरुस्त व मजबूत करण्यात आली. ते काम घरमालकांनी स्वतः, शासनाच्या हप्त्यांतून आणि प्रशिक्षण दिलेल्या गावच्याच गवंड्यांकडून करून घेतले. गावोगावच्या बायकांनी त्यात पुढाकार घेतला. भिंतीच्या आरपार जाणारे सलग दगड बसवणे, खिडकी-दारांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा घालणे, कोपऱ्यात सळई देणे, धाब्यावरची माती कमी करणे. एवढ्याच गोष्टी, पण शिकवल्याशिवाय कोणी करीत नव्हते.

आपण त्या भागातले नाही म्हणून निश्चिंत राहू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा आजोबांना विचारा. आणि २००५, २०१९ व २०२१ चे महापूर तर आपण सर्वांनी पाहिले. मातीत बांधलेल्या भिंती चार दिवस पाण्यात राहिल्या आणि पाणी उतरताना बसल्या. काळ्या जमिनीवरची घरे तर पुराशिवायही तडकतात, कारण ती जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया काळवट पार करून मुरमापर्यंत नेला पाहिजे, हे गावच्या गवंड्याला सांगावे लागत नाही, त्याने त्याच जमिनीत विहिरी आणि घरे पाहिलेली असतात. दोन महिन्यांसाठी लांबून आलेल्या कारागिराला ते कसे कळणार? स्थानिक माणसाला काम द्या असे मी म्हणतो ते केवळ गावकीच्या प्रेमापोटी नव्हे. घराला तडा गेला तर तो माणूस उद्या चावडीवर भेटणार असतो, हाही त्यातला फायदा आहे.

मात्र स्थानिक म्हणून अडाणीपणा चालवून घ्यायचा नाही. स्लॅबच्या दिवशी जे चालते ते बघून जीव तुटतो. माल सरकावा म्हणून मिक्सरमध्ये डबे उपडे केले जातात. भारतीय मानकाप्रमाणे १:१½:३ च्या काँक्रीटला पन्नास किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे. त्यात वाळूचा ओलावाही आला. जास्त पाण्याने काँक्रीट सोपे पडते आणि कायमचे कच्चे राहते. वाळू-खडी घमेल्याने नव्हे, सव्वा घनफुटाच्या फर्म्याने मोजावी, कारण एक पोते सिमेंटही तेवढेच भरते. स्लॅबवर आळी करून निदान दहा दिवस पाणी उभे ठेवावे, कडक उन्हाळ्यात चौदा. उसाला पाणी कधी द्यायचे हे आपल्याला शिकवावे लागत नाही, मग स्लॅबच्या बाबतीतच तिसऱ्या दिवशी नळी का गुंडाळली जाते? साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांच्या आत आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांच्या आत काढू देऊ नयेत. सेंट्रिंगवाला पुढच्या कामाची घाई करील, त्याला थांबवणे मालकाच्या हाती आहे.

मजुरांची सोसायटी: केरळातले उदाहरण

आपण सहकारातली माणसे आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. केरळात वडकराजवळ उरळुंगल नावाची जागा आहे. तेथे १९२५ साली चौदा मजुरांनी मिळून मजुरांची सहकारी सोसायटी काढली. सुरुवातीचे भांडवल सहा आणे, म्हणजे सदतीस पैसे. वाग्भटानंद या समाजसुधारकाच्या चळवळीत गेल्यामुळे जमीनदारांनी काम देणे बंद केले होते, त्यातून हा उद्योग उभा राहिला. प्रवरानगरला आपला पहिला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, त्याच्याही पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. आज हजारो कामगार तेथे आहेत, ते रस्ते आणि पूल बांधतात. कोचीतला पालारिवट्टम उड्डाणपूल २०१६ साली खुला झाला आणि २०१९ मध्ये बंद करावा लागला. त्याच्या फेरबांधणीचे काम याच सोसायटीने केले आणि मार्च २०२१ मध्ये तो पुन्हा वाहता झाला. कोल्लम जिल्ह्यातील चवरा येथे बांधकाम शिकवणारी शासनाची संस्था आहे, तीही या सोसायटीकडे चालवायला दिली आहे. म्हणजे काम, मालकी आणि शिक्षण तिन्ही मजुरांच्या हाती.

आपल्याकडे मजूर सहकारी संस्था नाहीत काय? आहेत, आणि शासकीय छोट्या कामांत त्यांना वाटा ठेवण्याची पद्धतही आहे. पण पुष्कळ ठिकाणी संस्था कागदावर मजुरांची आणि प्रत्यक्षात एकाच ठेकेदाराच्या खिशात असते. नावे वाचली तर यादीतले निम्मे मजूर कधी घमेले उचललेले नसतात. हे सांगितल्याने काही मंडळी रागावतील. रागावू देत. ज्या गावात आठ-दहा खरे गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी आहेत त्यांनी स्वतःची संस्था करावी, आणि कारखान्याच्या गोदाम, रस्ते, वसाहत यांच्या कामांत अशा संस्थेला संधी द्यावी, अशी सूचना सभासदांनी वार्षिक सभेत जरूर मांडावी.

तोवर, येत्या उन्हाळ्यात ज्यांचे घरकाम निघणार आहे त्यांनी ठेकेदाराशी बोलतानाच दोन गोष्टी कागदावर घ्याव्यात. पहिली, गावातली दोन मुले त्याच्या गवंड्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राहतील, पहिल्या दिवसापासून रोज मिळेल आणि जोत्यानंतर त्यांच्या हाती थापी दिली जाईल. दुसरी, कामावरच्या प्रत्येकाला दिवसांचा दाखला मिळेल. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यातून राज्यात कल्याणकारी मंडळ आले, आणि बांधकाम खर्चावरच्या उपकरातून त्याला पैसा मिळतो. वय अठरा ते साठ आणि मागच्या बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर काम, ही नोंदणीची अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आली आहे. नोंद झालेल्या कामगाराच्या मुलांच्या शिक्षणाला, अपघातात आणि आजारपणात मंडळाचे साहाय्य मिळू शकते. पुष्कळांची नोंद अडते ती याच दाखल्यावर. घरमालक सही करायला कचरतो, उगाच आपल्या गळ्यात काही पडेल म्हणून, आणि मग मजूर पैसे घेऊन खोटा दाखला देणाऱ्या दलालाकडे जातो. खऱ्या दिवसांचा खरा दाखला द्यायला कोणी भिऊ नये. कामाची एक साधी वही ठेवावी, त्यात रोज नाव आणि हजेरी लिहावी. तोडणीची चिठ्ठी आपण जपून ठेवतो, तशी ही वहीही घरकाम संपल्यावर दोन-तीन वर्षे फडताळात असू द्यावी.